किओज्जा : मिठागरांच्या गावचा वाटसरू

नावापासूनच सुरुवात करावी लागेल. रोमन लिपीत हे नाव वाचले की आपण सरळ 'चिओग्गिया' म्हणून मोकळे होतो. मीही झालो होतो. व्हेनिसच्या लिदो बेटावर तिकीट काढताना खिडकीतल्या बाईने दोनदा विचारले, "कुठे?" तिसऱ्यांदा मी बोट नकाशावर ठेवले तेव्हा ती म्हणाली, "आ, किओज्जा!" मडगावचे 'मार्गाओ' करणाऱ्या पर्यटकांना आपण इथे किती हसतो ते तेव्हा आठवले आणि दिवसभर जीभ सांभाळून बोललो.

व्हेनिसपर्यंत गेल्यावर तिथले राजवाडे सोडून या कोळ्यांच्या गावी कशाला जायचे, असे बरोबरच्या मंडळींनी विचारलेच. बरोबर कोणी आले नाही. माझे कारण जुने होते. या गावात १३९५ च्या सुमारास एक मुलगा जन्मला. तो मोठा झाल्यावर वास्को द गामाच्या पाऊणशेहून अधिक वर्षे आधी हिंदुस्थानात आला, आपल्या किनाऱ्यावरून खाली गेला, विजयनगर पाहून आला. त्याच्याजवळ तोफ नव्हती, राजाचे पत्र नव्हते. त्याचे नाव निकोलो दे कोन्ती. शाळेत आपण युरोपचे येणे १४९८ पासून मोजायला शिकलो आणि गोव्यात तर १५१० पासून. हा माणूस त्या मोजणीत बसत नाही, म्हणून त्याचे गाव पाहायचे होते.

लिदोहून किओज्जाला जायची वाट मजेशीर आहे. आधी बस. बेट संपते तिथे ती बस माणसांसकट फेरीबोटीत चढते, पलीकडच्या पेलेस्त्रिना बेटावर उतरते आणि पुन्हा रस्त्याला लागते. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये, तरी मला फार बरे वाटले. शेवटी पेलेस्त्रिनाच्या टोकाला बस सोडून लहान बोट घ्यायची. पेलेस्त्रिना म्हणजे जमिनीची एक चिंधीच आहे. एका हाताला उघडा आद्रियाटिक समुद्र, दुसऱ्या हाताला लगून, म्हणजे अरुंद तोंडांनी समुद्राला जोडलेले उथळ खारे सरोवर. समुद्राच्या बाजूला पांढऱ्या इस्त्रियन दगडाचा जाडजूड बांध सतत सोबत करतो. त्याला 'मुरात्सी' म्हणतात. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १७४४ ते १७८२ अशी जवळजवळ चाळीस वर्षे खपून तो बांधला. त्यानंतर पंधराच वर्षांत, १७९७ मध्ये, नेपोलियनपुढे ते प्रजासत्ताक संपले. बांध अजून उभा आहे.

बोट 'विगो'च्या धक्क्याला लागते. समोर एक खांब आणि त्यावर व्हेनिसचा पंखवाला सिंह. पण हा सिंह इतका बारका आहे की त्याला 'किओज्जाचे मांजर' असे नाव पडले आहे. व्हेनिसकरांना ही थट्टा आवडते. किओज्जाकरांना किती आवडते ते मी विचारले नाही.

गावाचा आराखडा तारल्याच्या काट्यासारखा आहे. हा शब्द माझा नव्हे, तिथले लोकच त्याला माशाचा काटा म्हणतात. मधोमध एक लांब रुंद रस्ता, कोर्सो देल पोपोलो. त्याला समांतर कालवे, त्यातला वेना हा सर्वांत देखणा, त्यावर नऊ पूल. आणि या कण्यातून दोन्ही बाजूंना काटकोनात फुटलेल्या अरुंद बोळांच्या फासळ्या. व्हेनिसमध्ये दर दहा मिनिटांनी वाट चुकते, इथे चुकायची सोयच नाही. विगोजवळचा पांढरा पूल १६८५ चा. संत आंद्रेयाच्या मनोऱ्यावरचे घड्याळ तर १३८६ पासूनच्या नोंदीत सापडते, म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या मनोरा-घड्याळांपैकी ते एक. (ग्रहांची गती दाखवणारे 'अस्त्रारिउम' नावाचे अद्भुत यंत्र बनवणारा जोव्हान्नी दोन्दी हाही इथलाच. त्याच्यावर कधीतरी वेगळे लिहायला हवे.)

व्हेनिसचे कालवे आता पाहुण्यांसाठी आहेत. इथले कालवे कामाचे आहेत. बोटींवर जाळी वाळत पडलेली, कठड्याला दोऱ्या, डिझेलचा वास. १३२२ साली बांधलेले धान्याचे कोठार अजून रस्त्याला उभे आहे आणि त्याच्यामागे लाल कनातींखाली मासळीबाजार भरतो. सकाळी दहाला मी तिथे पोचलो आणि पुढचा तासभर तिथून हललो नाही. तारले, बांगड्याचा आद्रियाटिकमधला भाऊबंद, माणके, शाईसकट मांडलेले काळेकुट्ट कटलफिश, तिसऱ्यांच्या कुळातले शिंपले. एका फळीवर निळ्या पायांचे मोठे खेकडे होते. हे अमेरिकेकडचे. २०२३ साली ते या भागात इतके माजले की त्यांनी पो नदीच्या मुखाशी आणि इथल्या लगूनमध्ये पोसलेले शिंपले फस्त केले, लोकांचे वर्षाचे उत्पन्न गेले. आता तेच खेकडे पकडून विकायचे, हा एक उपाय.

विकणाऱ्या बायका-पुरुषांचा आवाज मात्र म्हापशाच्या बाजाराला शोभेल असा. नाटककार कार्लो गोल्दोनी तरुणपणी, १७२८-२९ च्या सुमारास, इथल्या फौजदारी कचेरीत दुय्यम कारकुनी करत होता. गावातली भांडणे त्याच्यासमोर लेखी येत. पुढे १७६२ मध्ये त्याने त्यावर एक प्रहसन लिहिले, 'किओज्जातली भांडणे' अशा अर्थाचे नाव असलेले. पुरुष समुद्रावर, बायका दारात बसून लेस विणताहेत आणि एका क्षुल्लक कारणावरून सगळी गल्ली पेटते. दरबारी माणसांना रंगभूमीवर आणण्याच्या काळात त्याने कोळ्यांना त्यांच्याच बोलीत बोलायला लावले. आजही इटलीत ते नाटक होते.

असो. मासळीने मला अडकवले, पण या गावाचे जुने वैभव मासळीचे नव्हते, मिठाचे होते.

मध्ययुगात व्हेनिसच्या लगूनमधले सर्वांत मोठे मिठागर किओज्जाच्या भोवती होते. पद्धत आपल्याला सांगायला नकोच. भरतीचे पाणी दार उघडून आत घ्यायचे, एका कोंड्यातून दुसऱ्यात उतरवत उन्हाने दाट करायचे, शेवटच्या उथळ कोंड्यात दाणा धरला की ओढायचा. आगरवाड्याला जे जानेवारीपासून मिरगापर्यंत चालते ते तिथे उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत उरकावे लागे, आणि अवेळी आलेला पाऊस दोन्हीकडे सारखाच वैरी. किओज्जा ब्रेंता आणि आदिजे या नद्यांच्या मुखांजवळ आहे. मीठ नावेत भरून याच पाण्याने पादुआ, व्हेरोना आणि पुढे लोंबार्दीच्या मैदानात जाई. बर्फाची पेटी नसलेल्या काळात मांस, मासळी, चीज सगळे मिठावर टिकायचे. ज्याच्या हातात मीठ त्याच्या हातात शेजाऱ्याचे स्वयंपाकघर. व्हेनिसने हे फार लवकर ओळखले आणि मिठाचा व्यापार सरकारच्या मुठीत ठेवला. १२८१ मध्ये तर असा नियम केला की बाहेरून परतणाऱ्या व्यापाऱ्यांनी जहाजातून मीठ आणायचे आणि ते सरकार ठरलेल्या भावाने घेणार. त्या नफ्यावर जहाजांचा खर्च सुटे आणि मग पूर्वेकडच्या मिऱ्यांचा व्यापार परवडे. संगमरवरी राजवाड्यांचा पाया लाकडी खांबांवर आहे असे मार्गदर्शक सांगतात. ते खरेच आहे, पण त्यात मिठाची गोणीही धरायला हवी.

आणि म्हणूनच जेनोवाने घाव घातला तो किओज्जावर.

जेनोवा आणि व्हेनिस ही दोन सागरी प्रजासत्ताके शंभरहून अधिक वर्षे एकमेकांचे गळे धरत होती. १३७८ मध्ये दार्दानेल्सच्या तोंडाशी असलेल्या तेनेदोस या चिमुकल्या बेटावरून पुन्हा पेटले. मे १३७९ मध्ये पोला बंदरापाशी व्हेनिसचा आरमारप्रमुख व्हेत्तोर पिसानी हरला. परत येताच व्हेनिसच्या सरकारने त्याला तुरुंगात टाकले. १६ ऑगस्ट १३७९ रोजी जेनोवाच्या पिएत्रो दोरियाने पादुआच्या सैन्याच्या मदतीने किओज्जा घेतले. व्हेनिसची नाकाबंदी झाली. बोलणी करायला माणसे गेली तेव्हा दोरियाने उत्तर धाडले की संत मार्कच्या देवळावरच्या तुमच्या त्या काशाच्या घोड्यांना मी लगाम घालेन, मगच तह. निदान इतिवृत्तकार तरी तसे सांगतात. घोडे अजून तिथेच आहेत (वर दिसतात त्या प्रतिकृती, अस्सल आत संग्रहालयात), त्यामुळे पुढे काय झाले हे ओळखता येईल.

व्हेनिसच्या खलाशांनी हट्ट धरला की आम्ही लढू ते पिसानीच्या हाताखालीच. सरकारला त्याला सोडावे लागले. मग सत्तरी ओलांडलेला दोजे, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख, आंद्रेया कोन्तारिनी स्वतः जहाजावर चढला. २१ डिसेंबर १३७९ च्या रात्री ते निघाले आणि किओज्जाहून समुद्रात निघणाऱ्या वाटांमध्ये त्यांनी दगडांनी भरलेली जुनी जहाजे बुडवली. लगून उथळ असते, मोठ्या जहाजाला जायला मोजकेच खोल पट्टे असतात. ते बुजले आणि व्हेनिसला वेढून बसलेला दोरिया स्वतःच कोंडला गेला. १ जानेवारी १३८० ला पूर्वेकडून कार्लो झेनोचे आरमार परत आले आणि वेढा पक्का झाला. तोफा तेव्हा नव्या होत्या, नेम असा नव्हताच. तरी त्याच महिन्यात ब्रोन्दोलो इथल्या मनोऱ्यावर एक दगडी गोळा बसला, मनोरा कोसळला आणि त्याखाली दोरिया मेला. उपासमार झालेल्या जेनोवाच्या सैन्याने २४ जून १३८० रोजी शरणागती पत्करली. पुढच्या वर्षी तुरिनला तह झाला.

व्हेनिसच्या इतिहासात हे सुवर्णाक्षरांनी लिहिलेले आहे. मी कोर्सोवर उभा राहून विचार करत होतो तो या गावाचा. आधी जेनोवाने लुटले, मग त्याला सोडवायला आलेल्यांनी सहा महिने तोफा-आगीखाली ठेवले. समोरचे सोत्तोमारिना, ज्याला तेव्हा लहान किओज्जा म्हणत, ते तर जमीनदोस्त झाले आणि कित्येक पिढ्या ओसाड राहिले. मिठागरांचे बांध फुटले, दारे गेली. मिठागर एकदा मोडले की पुन्हा उभे करायला वर्षे लागतात, हे आपल्या खाजणांत बांध फुटलेला पाहिलेल्या कोणालाही कळेल. व्हेनिसला तितके थांबायची गरज नव्हती. इस्त्रिया होते, पुढे सायप्रस होते, मीठ तिकडून येऊ लागले. किओज्जाचे मीठ पूर्वपदाला कधी आले नाही. गाव हळूहळू मासळीकडे वळले.

निकोलो जन्मला तो या विझलेल्या मिठागरांच्या गावात, युद्धानंतर पंधराएक वर्षांनी. घर व्यापाऱ्याचे. विशीच्या आसपास तो दमास्कसला गेला, तिथे अरबी शिकला, आणि १४१९ च्या सुमारास सहाशे व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर वाळवंट ओलांडून बगदादकडे निघाला. बसरा, होर्मुझ. इराणच्या किनाऱ्यावर राहून फारसी शिकला, फारसी पोशाख चढवला, तिथल्या व्यापाऱ्यांशी शपथेने भागीदारी केली आणि त्यांच्याच जहाजाने खंबायतला उतरला.

खंबायतहून पुढे वीस दिवस जहाज चालून तो दक्षिणेकडच्या दोन बंदरांना लागला, असे त्याचा वृत्तांत सांगतो. त्यातले एक 'हेल्ली' म्हणजे केरळातली एळीमला. त्या वीस दिवसांत कोकण आणि गोवा डाव्या हाताला सरकत गेले असणार. वृत्तांतात त्याबद्दल एक शब्द नाही. मला हे जरा लागले, खोटे कशाला बोलू! आपल्या झुआरी-मांडवीची मुखे त्याने पाहिली असतील, वाळूचे दांडे आणि मागचे खारे पाणी पाहून त्याला घर आठवले असेल. पण हे सगळे माझे मनचे मांडे.

तो पुढे गेला तो विजयनगरला, आणि तिथे मात्र गोव्याशी त्याची गाठ आडवाटेने पडते. ज्या १३८० मध्ये किओज्जा सुटले, त्याच सुमारास विजयनगरच्या माधवमंत्र्याने बहमनींकडून गोवा घेतला आणि सप्तकोटीश्वराची पुन्हा स्थापना केली. पुढची नव्वदएक वर्षे गोवा विजयनगरचे बंदर होते, अरबी घोडे इथे उतरून घाटावर जात. म्हणजे निकोलो ज्या राजाच्या राजधानीत हिंडला, त्याच राजाचे आपले पूर्वज प्रजाजन होते.

तो सांगतो, या शहराचा घेर साठ मैल, तटबंदी डोंगरांवर चढत गेलेली, शस्त्र धरू शकणारे पुरुष नव्वद हजार. राजाच्या बायका बारा हजार. आकडे अर्थातच बाजारगप्पांतून फुगलेले. पण सणांचे वर्णन वाचताना आपण सावध होतो. एका सणात देवळांत आणि छपरांवर असंख्य तेलाचे दिवे रात्रंदिवस तेवत ठेवतात. दुसऱ्यात तीन दिवस रस्त्याच्या कडेला केशरी पाणी भरून ठेवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर, अगदी राजा-राणीवरसुद्धा, उडवतात, आणि सगळे हसून घेतात. दिवाळी आणि शिमगा. युरोपातल्या कोणी ते लिहून ठेवल्याची ही फार जुनी नोंद आहे. सतीचेही त्याने लिहिले आहे, हातचे न राखता.

आणि मलबारच्या बाजूला त्याला एक फळ भेटले. हिरवे, पीचपेक्षा मोठे, साल कडू, आत मधासारखे गोड. नाव 'आंबा'. पिकण्याआधी हे लोक ते पाण्यात भिजवून ठेवतात, त्याचा आंबटपणा जावा म्हणून, आपण हिरवी ऑलिव्ह भिजवतो तसे, असे तो सांगतो. ही ओळ प्रथम वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून हसलो होतो. चेपणीची तोरं! वृत्तांतात पाण्याचाच उल्लेख आहे, मिठाचा नाही. पण मिठाच्या गावच्या माणसाला बरणीतले पाणी कसले हे कोणी सांगायला हवे होते असे वाटत नाही.

पंचवीसेक वर्षे तो फिरला. सुमात्रा, ब्रह्मदेश, जावा, परत कोची, कालिकत, एडन. या काळात केव्हातरी त्याने लग्न केले. बायको हिंदुस्थानातली असावी असा अभ्यासकांचा कौल आहे. मुले झाली. परतीच्या वाटेवर, लाल समुद्राच्या मुलुखात, त्याच्यापुढे धर्म बदलण्याचा प्रसंग आला. तो मुसलमान झाला. स्वतःच्या जिवापेक्षा बायकामुलांच्या जिवाची भीती अधिक होती, असे त्याने पुढे सांगितले. गोव्याच्या वाचकाला ही वाक्ये नवी नाहीत. आपल्याकडे सोळाव्या शतकात ज्या घरांपुढे हाच प्रश्न उलट बाजूने आला, त्यातल्या कोणाची कैफियत अशी लिहून घेतली गेली नाही, एवढाच फरक.

१४३७ मध्ये सिनाई पर्वताजवळ पेरो ताफुर नावाचा स्पॅनिश प्रवासी त्याला भेटला. ताफुरला हिंदुस्थानात जायचे होते. निकोलोने त्याला परावृत्त केले. बरोबर बायको आणि मुले होती, तीही ताफुरने पाहिली. पुढे कैरोत साथ आली. तिच्यात त्याची बायको आणि काही मुले मेली. उरलेल्यांना घेऊन तो इटलीला परतला.

धर्म सोडल्याबद्दल पोप चौथा युजिन याच्याकडे क्षमा मागितली तेव्हा प्रायश्चित्त म्हणून पोपने त्याला आपला सगळा प्रवास पोपचा चिटणीस पोज्जो ब्राच्चोलिनी याला सांगायला लावला, अशी हकिकत आहे. पोज्जो मोठा लॅटिन पंडित. त्याने निकोलोला नीट प्रश्न विचारले आणि दैवाच्या चंचलपणावरच्या आपल्या ग्रंथात चौथे प्रकरण म्हणून ते घातले. नगरांचे घेर लिहिले, दालचिनीचे झाड लिहिले, 'आंबा' हे नावसुद्धा लिहिले. कैरोत मेलेल्या बाईचे नाव लिहिले नाही. विचारले होते की नाही, कोण जाणे.

पुढची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. व्हेनिसजवळच्या मठातल्या फ्रा मावरो या साधूने १४५० च्या सुमारास जगाचा जो प्रचंड नकाशा काढला, त्यात निकोलोची माहिती वापरली असावी असे मानतात, आणि त्या नकाशाची एक प्रत पोर्तुगालच्या राजासाठी बनली होती. १४६९ मध्ये निकोलो वारला. १४७२ मध्ये महमूद गवानने विजयनगरकडून गोवा घेतला. १५०२ मध्ये लिस्बनला व्हालेन्तिम फेर्नांदिश या मुद्रकाने मार्को पोलोचे पुस्तक पोर्तुगीजमध्ये छापले आणि त्याच बांधणीत निकोलोचा वृत्तांतही घातला. आठ वर्षांनी आल्बुकेर्क मांडवीत शिरला. पुस्तकामुळे गोवा पडला असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. १५०२ पर्यंत पोर्तुगीजांकडे स्वतःच्या खलाशांची माहिती पुष्कळ होती. पण दुसऱ्याचे कपडे घालून, दुसऱ्याची भाषा बोलून, दुसऱ्याच्या जहाजात बसून जमवलेले ज्ञान शेवटी त्या मेजावर जाऊन पडले, हे खरे. आणखी गंमत अशी की १५५० मध्ये व्हेनिसच्या रामुझिओने प्रवासवर्णनांचा मोठा संग्रह छापला, तेव्हा त्याला लॅटिन मूळ मिळेना. आपल्याच शेजारगावच्या माणसाची कथा त्याने लिस्बनच्या पोर्तुगीज प्रतीवरून इटालियनमध्ये आणली.

निकोलोने एक बारीकशी नोंद केली आहे. हिंदुस्थानच्या काही भागांत व्हेनिसची दुकाते चालतात, असे तो म्हणतो. दुकात म्हणजे साडेतीन ग्रॅम चोख सोन्याचे नाणे. १२८४ मध्ये निघाले आणि १७९७ पर्यंत छाप बदलली नाही. एका बाजूला संत मार्क उभा आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला दोजे, मधे ध्वजाची काठी. मराठी कागदपत्रांतली 'पुतळी' ती हीच. नाण्यावर पुतळ्या दिसतात म्हणून पुतळी. आपल्याकडच्या सोनारांनी त्यांच्या नकला केल्या, नकलांच्या नकला केल्या, आणि गुडघे टेकलेला दोजे हळूहळू उठून उभा राहिला. माझ्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेत प्रत्येक चकतीवर दोन आकृती होत्या. आजी त्यांना राम आणि सीता म्हणायची. मधल्या काठीला धनुष्य म्हणायची. किओज्जाच्या वेढ्यात जहाजावर चढलेल्या त्या म्हाताऱ्या कोन्तारिनीच्या नावाचीही दुकाते निघालीच होती. आमच्या घरातली माळ नंतर मोडली गेली, तीन लग्नांत वाटली गेली. आता पाहायला एकही पुतळी उरलेली नाही.

दुपारी वेना कालव्याच्या काठावर जेवलो. 'सार्दे इन साओर', म्हणजे तळलेले तारले, त्यावर व्हिनिगरमध्ये शिजवलेला कांदा, थोडे बेदाणे. समुद्रावर दिवसेंदिवस टिकावे म्हणून काढलेला प्रकार. आदल्या दिवशीचा अधिक चांगला लागतो असे वाढणाऱ्या मुलाने सांगितले. आपल्या घरी व्हिनिगरातल्या मासळीबद्दल हेच सांगतात.

निघण्यापूर्वी कोर्सोवरच्या एका किराणा दुकानात शिरलो आणि किओज्जाचे मीठ आहे का विचारले. दुकानदार साठीचा. त्याने आधी नीट समजून घेतले, मग हसला, आत गेला आणि एक पुडी घेऊन आला. पुडीवर सिसिलीतल्या त्रापानीचे नाव होते. "इथले?" मी पुन्हा विचारले. त्याने हात हवेत उडवला, म्हणजे ते केव्हाच गेले. पुडी घेतली. शेवटच्या बोटीला अजून वेळ होता, म्हणून विगोच्या पायऱ्यांवर मांजराकडे बघत बसलो.

या चैत्रात आमच्या आवाठातल्या झाडाची तोरं चेपणीला घातली ती त्याच मिठात. अर्धी पुडी पुरली, उरलेले आगरवाड्याचे.